सशांच्या खोलीबाहेरच्या चपला

मंगळवार पेठेतल्या मीनाक्षीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. खोटं बोलणाऱ्या पोराला त्या भर वर्गात असं सोलून काढायच्या की ते आठवडाभर मान वर करायचं नाही. त्याच बाई आज फार्मसी कॉलेजात, प्राचार्यांच्या खोलीत, मान खाली घालून बसल्या होत्या.

झालं होतं असं. जखमेच्या मलमाच्या संशोधनासाठी ठेवलेले नऊ ससे एप्रिलच्या एका दुपारी उकाड्यानं मेले. खोलीतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बंद होता. प्राण्यांची देखभाल करणारा आकाराम म्हणत होता, पंखा जानेवारीपासनं बंद हाय, मी तीनदा सांगितलंय. प्राचार्य उन्मेष म्हणत होता, साफ खोटं. मार्चच्या तपासणीत पंखा चालू होता, ह्यानंच नंतर बंद ठेवला असणार. पुरावा काय, तर तपासणीचा कागद. 'खोली प्रत्यक्ष पाहिली, पंखा चालू.' खाली सही, मीनाक्षीबाईंची.

जनावरांवर प्रयोग करायचे तर नजर ठेवायला समिती लागते, आणि तिच्यात संशोधनाशी संबंध नसलेला बाहेरचा एक माणूस लागतो. उन्मेष बाईंचा जुना विद्यार्थी. त्यानं बाईंना घेतलं. दर सहा महिन्यांनी गाडी पाठवायचा, वाकून नमस्कार करायचा, "बाई, तुम्ही आहात म्हणून आमची मान ताठ," म्हणायचा. पोहे यायचे, चहा यायचा, मागोमाग भरून तयार असलेला कागद यायचा. प्राण्यांच्या खोल्या मागच्या अंगणापलीकडं, शंभर पावलांवर. "कशाला उन्हात, बाई? वास मारतो तिकडं." आणि बाईंना तेच हवं असायचं हो! तीन वर्षांत सहा तपासण्या, सहा सह्या, आणि त्या शंभर पावलांतलं एक पाऊल नाही. मेथीची जुडी घेताना दोरा सोडून आतली पानं बघणारी ही बाई!

चौकशीला बाहेरून पशुवैद्य आले होते, डॉक्टर विजयसिंह. त्यांनी आकारामला विचारलं, "मार्चमध्ये बाई खोलीत आल्या, तेव्हा पंखा चालू होता?"

आकारामनं बाईंकडं बघितलं. 'बाई आल्याच न्हाईत' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. पण त्याची लेक क्रांती बाईंच्या हाताखाली शिकली होती.

"बाईंनी लिवलंय म्हंजे बघितलं असंल की," तो म्हणाला. "बाईंना खोटं कसं म्हणू?"

"मग विषय संपला," उन्मेष म्हणाला. "आजपासून ह्याला कामावरून कमी करतो."

बोल ना, बाई स्वतःला म्हणत होत्या, बोल की आता! पण बाहेर आलं ते वेगळंच. "मला ती खोली बघायचीय." वेळ काढत होत्या, दुसरं काही नाही.

चौघं अंगण ओलांडून गेली. बाहेरची पादत्राणं आत चालत नाहीत. आकारामनं खिळ्यावरची पिशवी काढली आणि आतला रबरी चपलांचा पांढरा जोड बाईंच्या पायाशी ठेवला. कोरा करकरीत. दोन्ही चपला दुकानातल्या प्लास्टिकच्या दोऱ्यानं अजून एकमेकींना बांधलेल्या.

"समितीच्या बाईंसाठी आणल्याल्या," तो म्हणाला. "तीन वर्सं झाली. तपासणीच्या आदल्या दिशी पुसून ठेवतोय."

डॉक्टरांनी दोऱ्याकडं बघितलं, मग बाईंकडं.

उन्मेष घाईनं पुढं झाला. "बाईंनी तेव्हा पायात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या. हो ना, बाई?"

नुसती मान हलवायची होती. एकतीस वर्षांची अब्रू जागच्या जागी राहिली असती.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी आलेच नाही. एकदाही नाही. उन्मेष, तुझ्या खोलीत बसून पोहे खाल्ले आणि सही ठोकली. आकाराम खरं बोलतोय. खोटं मी लिहिलंय."

डॉक्टरांनी ते तिथंच शब्दन् शब्द लिहून घेतलं. आकारामची नोकरी वाचली. उन्मेषला घेऊन ते कार्यालयाकडं गेले.

आकारामनं दोरा कापून दिला. आत नऊ रिकामे पिंजरे होते, प्रत्येकाला पाण्याची बाटली लावलेली, भरलेली. पंख्याच्या पात्यांवर कोळ्यांची जाळी धरली होती. दोन मिनिटांत बाईंचा पदर घामानं भिजला. दुपारभर ह्यात कोंडलेल्या जिवांचं काय झालं असेल, ते आता सांगायला नको होतं. त्या बाहेर आल्या, चपला काढल्या.

"मी राजीनामा देते, आकाराम. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"द्या की. सोप्पं हाय ते." आकाराम पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "मार्चात मी दिसभर ह्या दारात हुबा हुतो. म्हटलं, बाई येत्याल, पंखा दावू, बाई सायबाचा कान धरत्याल. तुमची गाडी गेल्याली बघितली, मग घरला गेलो."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आकारामनं तिकडं बघितलंही नाही. चपला उचलून पिशवीत घालायला लागला.

"उंदरांच्या खोलीतला पंखा चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"न्हाय."

"चपला ठेवा खाली," बाई म्हणाल्या. "आणि ती खोली उघडा."