कॉलरमधली तार

तुरुंगाच्या शिलाईखात्यात मास्तरांनी ब्लेडच्या टोकानं ड्रायव्हरच्या सदऱ्याची कॉलर उसवली, आतली पट्टी काढून खिडकीच्या उजेडात धरली.

“बघ. नुसतं कापड आहे.”

ड्रायव्हरनं पट्टी बोटांत चुरगाळली, कानाला लावली.

“आज नाही घातली तार. तुम्हाला भितो तो.”

तो म्हणजे ड्रायव्हरचा मेहुणा. मेहुणा तुरुंगातल्या लोकांना फितवून ड्रायव्हरच्या कॉलरीत तार घालतो आणि तिच्यातून त्याचे विचार ऐकतो, अशी ड्रायव्हरची खात्री होती. सदरा धुऊन आला की तो अंगाला लावायचा नाही, भर थंडीत उघडा कुडकुडायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप वाढली, मेहुणा काही हलला नाही. सुरुवातीला तर त्यानं मास्तरांनाही मेहुण्याचा माणूस ठरवलं होतं. मास्तर बाहेर शिंपी होते आणि आतही शिलाईखात्यातच. वाद घालण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी कॉलर उसवून दाखवली आणि पुन्हा शिवून दिली. तेव्हापासून दर धुलाईनंतर हेच चालू होतं.

उद्या मास्तर सुटणार होते.

“मी गेल्यावर काय करशील रे?”

ड्रायव्हर जमिनीवरच्या चिंध्या गोळा करत राहिला.

“माझं सोडा. तुमचं बघा. बाहेर तर त्याचंच राज्य आहे.”

मास्तरांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला गाठलं.

“साहेब, याची कॉलर तेवढी कुणीतरी...”

“मास्तर, मी पहारा करू की कॉलर उसवत बसू?” शिपाई म्हणाला. मग त्यालाच कसंतरी झालं.

मास्तरांचे घरचे कपडे इस्त्रीसाठी शिलाईखात्यात आले होते. ते तिथंच ठेवून मास्तर सगळ्यांचा निरोप घ्यायला गेले.

सकाळी घरचा सदरा घातल्यावर मानेला काहीतरी टोचलं. त्यांनी कॉलर उलटवली. वाकडेतिकडे टाके, कुठं लांब, कुठं आखूड, आणि गाठ चक्क वरच्या बाजूला. त्यांनी दोरा ओढून पाहिला. सुटला नाही.

“काल माझ्यासमोर बसूनच शिवली त्यानं,” शिपाई फाटक उघडताना म्हणाला. “म्हणाला, मास्तर भोळे आहेत, त्यांची कोण तपासणार? मग स्वतःचीही उसवली, शिवली. सदरा घालून झोपला.”

मास्तरांना भरून आलं. नाक ओढत ते बाहेर पडले.

घरी बायकोनं पाणी दिलं आणि तिची नजर मानेकडे गेली.

“अगंबाई, ही कॉलर कुणी शिवली? काढा, नीट करून देते.”

मास्तरांनी कॉलरवर हात ठेवला.

“राहू दे. तपासलेली आहे ती.”