सुलतान बाजारातली पांढरी गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे हं, दुकानाची! हैदराबादेत सुलतान बाजारातल्या साडीच्या दुकानात माझी उमर गेली. पिंजाऱ्यानं कापूस पिंजून मला भरलं, वर पांढरीशुभ्र चादर अंथरली आणि साड्या दाखवणारे नामदेवराव माझ्यावर मांडी घालून बसले. गिऱ्हाईक चपला काढून टेकायचं, चहा यायचा, साड्यांचे ढीग पडायचे. मालक एकनाथराव म्हणायचे, "गादी आणि नामदेव, ही माझ्या दुकानाची शान!" मी आपली फुगून बसायची.

पुढं एकनाथराव वारले. टीव्हीवर ढीगभर चॅनेलं आली, दिलसुखनगरला काचेची थंडगार दुकानं झाली. मालकांचा मुलगा रितेश म्हणाला, "जमाना बदलला. लोकांना फटाफट पाहिजे." झालं! काउंटर आला, माझी वळकटी माडीवर गेली. नामदेवराव दिवसभर उभे. बिचाऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. एक दिवस रितेश म्हणाला, "काका, हा महिना झाला की घरी आराम करा." दुपारी माडीवर येऊन ते मला टेकले. "आपण दोघं म्हातारे झालो गं," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात काचीगुड्याच्या सावित्रीबाई आल्या. नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता, सुना-लेकी सगळ्या संगती. रितेशनं लगबगीनं एक स्टूल पुढं केलं.

"मी एकटी बसू अन् ह्या उभ्या? बस्ता उभ्यानं बांधतात का रे बाबा? गादी कुठाय? चला गं, दिलसुखनगरला जाऊ. उभंच राहायचं तर तिथं गारवा तरी हाय!"

रितेशचा चेहरा पडला. "काका, गादी आणा हो!"

"एकट्याला उचलत नाही बाबा," नामदेवराव म्हणाले. "दुसरं टोक तू धर."

त्यानं मुकाट्यानं धरलं! काउंटर सरकवून मला अंथरलं, आणि दिवस मावळेपर्यंत नामदेवराव माझ्यावर साड्या उलगडत होते. काय सांगू, लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

बस्ता बांधून बायका गेल्यावर रितेश पोटऱ्या चोळत माझ्या कडेला आला. "पाय गेले हो काका, उभं राहून राहून."

नामदेवराव हसले, सरकले, त्याला जागा दिली. रितेश टेकला आणि हळूच म्हणाला, "काका, घरी बसायचं राहू द्या. उद्या लवकर या. बसूनच माल दाखवा."

बाळांनो, म्हातारपण कुणाला चुकलंय? जुन्या माणसाची जागा काढून घेऊ नका. उद्या तिथं तुम्हालाच टेकायचंय.