बांधलेला अंगठा

१९६२ साली मालनची थोरली बहीण गजरा आमच्या वॉर्डात बाळंत होऊन मेली आणि त्यानंतर सव्वा महिना आमच्याशी बोलत राहिली. मालनने तिच्या मनगटावर अंगठा ठेवला होता, म्हणून.

अंगठ्याचं आधी सांगते. जामखेडच्या पुढे, सडकेला लागून, एक दवाखाना होता. तिथे शिकाऊ म्हणून आलेल्या मुलीचा उजवा अंगठा पहिल्याच दिवशी पट्टीने तळहाताशी बांधून टाकत. अंथरुणं बदलायची, बेडपॅन धुवायचे, तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायचं, सगळं उरलेल्या चार बोटांनी. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. नवखी मुलगी रोग्याचं मनगट अंगठ्याने धरते, आपलेच ठोके मोजते आणि रोगी ठीक आहे असं सांगून मोकळी होते. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठा खोटारडा असतो, असं एस्तेरबाई म्हणायच्या. त्या वॉर्डाच्या मुख्य होत्या, देहाने चांगल्या भरलेल्या, आणि त्यांच्या हातांना कायम फिनेलचा वास असे. एखादीची तीन बोटं तयार झाली की बाई स्वतः तिची पट्टी सोडत. पट्टी सुटली की मुलगी नर्स झाली, असं आम्ही धरत असू.

त्या साली आम्ही दोघीच शिकाऊ होतो, मालन आणि मी. दोघी सातवी पास आणि दोघींना सासरच्यांनी परत पाठवलेलं. इथून परत जायला जागा नव्हती. आम्ही जेवायला बसलो की स्वयंपाकीण ओरडायची, आल्या गं अंगठेबहाद्दर. भाकरीचा तुकडा चार बोटांनी मोडता येत नाही, म्हणून आम्ही एकमेकींना मोडून द्यायचो. एकीने धरायची, दुसरीने ओढायची.

गजरा बैलगाडीतून आली. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. त्या दुपारी एस्तेरबाईंनी तिचं मनगट तीन बोटांनी धरलं, पुष्कळ वेळ धरलं, मग चादर तोंडावर ओढली आणि त्या हात धुवायला गेल्या. मालनने दातांनी आपली पट्टी फाडली. चादरीखाली हात घातला आणि बहिणीचं मनगट अंगठ्याने दाबून धरलं.

"लागतेय," ती म्हणाली.

गजराने चादर बाजूला करून पाणी मागितलं.

हात धुवायला गेलेल्या एस्तेरबाई दारात दिसल्या तेव्हा दार आधीपेक्षा लांब होतं. त्या दिवसापासून वॉर्ड वाढत गेला. शेवया ओढाव्यात तसा तो लांब होत होता आणि तसाच अरुंदही. गजराची खाट शेवटाला होती, ती रोज थोडी पुढे जायची. मी पेज घेऊन निघायचे ती पोचेपर्यंत गार झालेली असायची. गजरा वाटीत बघून म्हणायची, वच्छी, ही पेज आहे की भांड्यांचं धुवण? मेल्यावरही तिची जीभ तशीच होती. ती बहिणीला माहेरची सगळी माणसं आठवून आठवून सांगायची, कोणाची कढी फाटली, कोण कोणाच्या लग्नात रुसून बसलं. मालन हसायची. ती डाव्या हाताने जेवायची, बसल्या बसल्या डोळे मिटायची आणि अंगठा उचलायची नाही. गजराच्या गालांवर रंग येत होता. मालनची मनगटं माझ्या दोन बोटांत मावायला लागली. तिचे केस आधी कानाशी पांढरे झाले, मग सगळे.

पाळण्यातलं बाळ मात्र जसंच्या तसं राहिलं. ते रडत नव्हतं, डोळे उघडत नव्हतं. मी रोज नाळेवर पावडर टाकायचे. आठवड्याभरात नाळ वाळून गळून पडते. हिची मात्र पहिल्या दिवसासारखी ओलीच.

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या पदर खोचून निघाल्या आणि थोडं अंतर गेल्यावर दोन भिंतींच्या मध्ये अडकल्या. मी त्यांना मागून ओढून काढलं. त्यांच्या दोन्ही दंडांना चुना लागला होता.

"मी जात नाही आता तिथवर," त्या म्हणाल्या. "तू जा. गजराचा दुसरा हात धर आणि जे लागेल ते सांग."

"तुम्ही बघितलंय की, बाई."

"माझं मालनने ऐकलं नाही. तुझं ऐकेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते पोर तसंच राहील. मालनही फार दिवस पुरायची नाही. अंगातलं किती देणार ती." मग त्यांनी माझ्या पट्टीची गाठ चाचपून बघितली आणि आणखी आवळली. "परत आलीस की सोडीन."

मी तिरकी होऊन चालत गेले. पुढे पुढे भिंती छातीला आणि पाठीला एकदम लागत होत्या, म्हणून श्वास अर्धाच घेत होते. सकाळी निघाले होते. पोचले तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. खाटेपाशी फक्त एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा होती.

"आलीस का तपासायला?" गजरा म्हणाली आणि तिने मोकळा हात स्वतःच पुढे केला.

मी तीन बोटं ठेवली. दगडी पाट्यावर ठेवावीत तशी. बोटं थोडी सरकवली, थोडी दाबली, बाईंनी शिकवलं होतं तसं थांबले.

"वच्छे, लागतेय म्हण," मालन म्हणाली. तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता. "तुझ्या तोंडून एकदा म्हण. मग मी जरा पाय पसरीन."

तिच्या मांडीवर अर्धी भाकरी होती. मोडून द्यायला कोणी नव्हतं म्हणून तशीच राहिलेली.

"सांग की गं," गजरा म्हणाली. "काय लागतंय?"

"काही लागत नाही, आक्का."

गजराने मान हलवली. "मला वाटलंच होतं. पाय कधीचे गार पडलेत." मग ती बहिणीकडे वळली. "मालू, पोरीला घे."

"कशी घेऊ? हात अडकलाय."

"म्हणून तर सांगतेय."

मालन कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत बसली. मग तिने तो उचलला, जळती वात उचलावी तसा, आणि पाळण्याकडे वळली. बाळ रडलं. मी मागे बघितलं तर दार तिथेच होतं, जवळ, पूर्वीच्या जागी, आणि एस्तेरबाई टॉवेलला हात पुसत आत येत होत्या. त्यांनी चादर वर ओढली. मग माझी पट्टी सोडली. आतला अंगठा आजारातून उठलेल्या माणसासारखा पांढरा आणि बारीक झाला होता.

वॉर्ड पुन्हा होता तेवढा झाला, फक्त शेवटची एक खाट जास्तीची उरली. ती कोणी विकत आणली नव्हती. ती पुढे तशीच वापरात राहिली.

एस्तेरबाई निवृत्त होऊन नगरला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मालनची पट्टी बाईंनी सोडलेली नव्हती, म्हणून ती नर्स झाली नाही. पांढऱ्या केसांनी ती पोर घेऊन माहेरी गेली, पोरीकडे बघून त्यांनी दोघींना ठेवून घेतलं, आणि शेळीच्या दुधावर तिने ती वाढवली. तिचा उजवा अंगठा शेवटपर्यंत गार होता. भाकरी थापताना तेवढ्या जागी पीठ चिकटत नसे. ती गेली तेव्हा तिचं मनगट मी धरलं आणि जे होतं ते सांगितलं. कोणी वाद घातला नाही. मी याच वॉर्डात म्हातारी झाले. पुष्कळ मुलींचे अंगठे बांधले आणि सोडले. पुढे बोटाला लावायची यंत्रं आली आणि बांधायची चाल मोडली. ती पोर, सुगंधा, मला मावशी म्हणत मोठी झाली. तिचा अंगठा मीच बांधला होता. आता वॉर्ड ती बघते. तिची मुलगी केतकी लहानपणी माझ्याच कुशीत झोपायची, ती यंदा शिकाऊ म्हणून लागली आहे.

मला त्या शेवटच्या खाटेवर ठेवलंय. मघाशी सुगंधा आली. तिने यंत्र बाजूला ठेवून माझं मनगट तीन बोटांनी धरलं, पुष्कळ वेळ धरलं, चादर नीट केली आणि ती हात धुवायला गेली.

आता केतकी खाटेवर बसली आहे. तिने माझा हात मांडीवर घेऊन मनगटावर अंगठा दाबून धरलाय.

"लागतेय, आजी," ती म्हणते.

तिच्या खांद्यावरून मला सुगंधा दिसते. टॉवेलला हात पुसत दारात उभी आहे, खूप लांब.