गिऱ्हाईक आलं की लिफ्ट चालते

समृद्धी हाइट्समधली लिफ्ट कधी चालू होते, हे सुलाबाईंना राहायला आल्यावर पंधरा दिवसांतच कळलं. गिऱ्हाईक आलं की चालू होते, आणि गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं की बंद.

परभणीच्या भर बाजारात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ही सहा मजली इमारत उभी होती. फ्लॅट चोवीस आणि राहती बिऱ्हाडं दोन. दुसऱ्या मजल्यावर सविता नावाची तरुण बाई, तिचा नवरा रोज गंगाखेडला नोकरीला जाऊन यायचा. आणि चौथ्यावर सुलाबाई आणि दत्तराव. चार-पाच फ्लॅट विकले गेले होते म्हणे, पण घेणाऱ्यांनी त्यांना कुलपं लावून ठेवली होती. दर्शनी भागावर ‘शेवटचे काही फ्लॅट शिल्लक’ असा फलक होता. तो दोन उन्हाळे खाऊन विटला होता, तरी शेवटचे काही फ्लॅट काही संपत नव्हते.

दत्तराव पालमला शाळेत कारकून होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांना हार्टअटॅक आला. पालमहून परभणीचा दवाखाना गाठेपर्यंत दोन तास गेले, आणि डॉक्टरांनी सुलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वेळी एवढा वेळ मिळणार नाही, दवाखान्याजवळ राहा. मुलगा सिद्धोधन पुण्याला. तो म्हणाला, फ्लॅट बघा, लिफ्ट असलेला. त्यांनी पालमचं घर विकलं आणि फ्लॅट बघायला आले.

बिल्डरचा माणूस भुजंग. पांढरा शर्ट आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला चहात साखर नको. तो त्यांना लिफ्टने वर घेऊन गेला. लिफ्ट लोण्यासारखी वर गेली, आत आरसा, वर छोटा पंखा. सुलाबाई शहाण्या. त्यांनी ठरवलं, राहणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. खाली येताना त्यांनी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून सविताचं दार वाजवलं आणि विचारलं, "कसं हाय हो इथं?"

सविताने एकदा भुजंगकडे पाहिलं, एकदा उघड्या लिफ्टकडे पाहिलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "या तुमी."

त्या दोन शब्दांवर त्यांनी घर घेतलं.

सामान चढवून झालं त्या दिवशी संध्याकाळी लिफ्ट बंद पडली. बिघाड झाला असेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी भुजंगने हात जोडून खुलासा केला, "दोन घरांसाठी लिफ्ट चालवणं परवडत न्हाई, काकू. लोकं येऊ द्या, मग चोवीस तास हायच की." लिफ्टच्या मेन स्विचच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली भुजंगच्या खिशात.

चार मजल्यांच्या बहात्तर पायऱ्या. दत्तराव आठवड्यातून एकदा उतरायचे, सुलाबाई मागून घडीचं स्टूल घेऊन, प्रत्येक वळणावर ते उघडून त्यांना बसवायच्या. वर चढायला पाऊण तास लागायचा. दवाखाना गॅलरीतून दिसत होता. दिसत होता एवढंच.

सुलाबाईंना त्या इमारतीची भीती वाटायची, आणि ती त्या कबूलही करायच्या. दिवसासुद्धा वाटायची. वरच्या मजल्यांवर खिडक्यांना काचा बसवायच्या राहिल्या होत्या, त्यातून वारा शिरला की कुठलं तरी दार आपटायचं. दिवेलागणीला भुजंग रिकाम्या फ्लॅटांतले बल्ब लावून जायचा, चार खिडक्यांना पडदेही टांगले होते, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला घर भरल्यासारखं दिसावं. रस्त्यावरून दिसत असेलही. पण भाजी घेऊन परत येताना आपल्या शेजारच्या खिडकीत उजेड आणि पडदा हललेला दिसला की सुलाबाई फाटकातच थांबायच्या. तिथे कोणी नाही हे माहीत होतं, आणि कोणी नाही याचीच तर भीती होती. यांना काही झालं, तर हाक मारायची कुणाला? पालमला नुसतं ओरडलं असतं तर अर्धी गल्ली धावली असती. इथे त्या जिन्यात एकदा मोठ्याने खोकल्या, तर तो खोकला खालपर्यंत जाऊन परत आला.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते झालं. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दत्तराव जेवून उठले, हात धुताना थांबले आणि भिंत धरून खाली बसले. चेहऱ्यावर घाम फुटला होता. "तसंच व्हायलंय," ते म्हणाले. "मागल्यासारखं."

डॉक्टरांनी दिलेली गोळी सुलाबाईंनी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि भुजंगला फोन लावला.

"काकू, मी वसमत रोडच्या साइटवर हाय. अर्धा तास तरी लागंल. तवर हळूहळू उतरवा की त्यान्ला."

"उतरवायचं न्हाई म्हणून सांगितलंय डॉक्टरनी. एक पायरी न्हाई."

"बघतो, बघतो," भुजंग म्हणाला आणि फोन ठेवला. अँब्युलन्सला लावला, तर ती मानवतला गेलेली. सविताचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली, दोनदा मारली, पण सविताचं दार बंद आणि आत कूलर चालू असावा, खालून काही उत्तर आलं नाही. सोडून खाली जावं तर हे एकटे राहतात. सुलाबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना रडूही येईना, एवढ्या त्या घाबरल्या होत्या.

तेवढ्यात गॅलरीच्या कठड्याला बाहेरून बांधलेला तो शेवटच्या फ्लॅटांचा फलक वाऱ्याने खडखडला. वाकून पाहिलं, तर त्यावर बिल्डरच्या ऑफिसचा नंबर होता.

त्यांनी दत्तरावांचा फोन उचलला, कारण तो नंबर ऑफिसात कोणाला माहीत नव्हता. आयुष्यात ज्यांनी पोस्टातही खोटं वय सांगितलं नव्हतं, त्या सुलाबाई आवाज जाड करून बोलल्या, "मी सोनपेठहून आलेय. फ्लॅट बघायचाय, चौथ्या मजल्यावरचा. आमी स्टेशनवर उतरलोत, लगेच यायलोत. लिफ्ट हाय न्हवं? लिफ्ट नसंल तर आमी दुसरीकडं जातो."

"आहे की मॅडम, या तुम्ही," पलीकडची मुलगी म्हणाली.

अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत झालं. भुजंगची मोटारसायकल फाटकात आली, आणि पाठोपाठ भिंतीच्या आतून तो घूं असा आवाज सुरू झाला. सुलाबाईंनी दत्तरावांना काखेत धरून लिफ्टमधल्या आरशासमोर उभं केलं. खाली दार उघडलं तर भुजंग केस विंचरून गिऱ्हाइकाची वाट बघत उभा. त्याने दत्तरावांना धरलं, रिक्षा थांबवली, ते सगळं माणुसकीने केलं. पण मान मात्र सारखी फाटकाकडे वळत होती. "सोनपेठचे लोक यायलेत, काकू," तो रिक्षात वाकून म्हणाला. "तुमच्या पायगुणानं जमू द्या."

दत्तराव वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

दहा दिवसांनी घरी आले तेव्हा भुजंगने खास त्यांच्यासाठी लिफ्ट लावली आणि स्वतः पिशव्या वर आणून दिल्या. दारात घुटमळला. "काकू, साहेबांनी शब्द दिलाय. अजून एक बिऱ्हाड येऊ द्या. तिसरं घर झालं की लिफ्ट दिवसभर चालू. काका बसतेत बिनघोर." मग चप्पल घालता घालता म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की तुमचं दार वाजवंल. चार शब्द चांगले बोला, बास."

त्यानंतर सुलाबाई त्या घूं आवाजाची वाट बघू लागल्या. जेवताना कान तिकडे, दळण निवडताना कान तिकडे. दत्तरावांना ठसका लागला तरी त्यांचा हात फोनकडे जायचा. दुसऱ्यांदा सोनपेठच्या बाईचं सोंग चालणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

आणि पावसाळा तोंडावर आला असताना गिऱ्हाईक खरंच आलं. नवरा-बायको, दोघं साठीच्या पुढची. सांबप्पा आणि बसम्मा, कपाळाला विभूतीचे पट्टे, किराणा दुकान मुलाच्या हाती देऊन निघालेले. सांबप्पा समोरच्या फ्लॅटचे नळ सोडून बघत होते तोवर बसम्मा सुलाबाईंच्या दारात आल्या.

"घोटभर पाणी द्या, माय. आमी सोनपेठचे."

आपणच फोनवर बोलून ठेवलेली बाई देह धरून दारात आली, असं सुलाबाईंना क्षणभर वाटलं.

बसम्मा खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या. "मला दमा हाय. तिकडं रात्री-बेरात्री डॉक्टर भेटत न्हाई, म्हणून हे म्हनले परभणीला जाऊ. जिना काही मला जमत न्हाई. लिफ्ट रोज असती न्हवं?"

मागे दाराच्या चौकटीला टेकून भुजंग उभा होता, सुलाबाईंकडे बघत. आतल्या खोलीत दत्तराव झोपले होते. त्यांचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता.

"असती," सुलाबाई म्हणाल्या.

"मग झालं," बसम्मा हसल्या. त्यांनी सुलाबाईंचा नंबर घेतला, आपला दिला, शेजार चांगला मिळाला म्हणाल्या. उद्या अकराला बयाना घेऊन येतो असं सांबप्पांनी भुजंगला सांगितलं. लिफ्ट त्यांना घेऊन खाली गेली. फाटक वाजलं. आवाज बंद झाला.

संध्याकाळी दोघं रोजच्यासारखी वंदनेला बसली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर सुलाबाईंचा आवाज आला नाही. खोटं बोलणार नाही, हे शील दत्तरावांनी एकट्यानेच म्हटलं. वंदना संपल्यावर ते मेणबत्तीकडे बघतच म्हणाले, "मी जागा होतो दुपारी."

"तुमच्यासाठीच बोलले मी."

"म्हाईत हाय."

"मला लय भेव वाटतंय हो. परत झालं तर मी काय करू?"

दत्तरावांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो गार पडला होता. सुलाबाईंना सविता आठवली. घर घेतल्यापासून जिन्यात भेटली की त्या तिच्याकडे बघायच्याही नाहीत, हिने आपला गळा कापला म्हणायच्या. दार उघडून उभी असलेली, लिफ्टकडे बघणारी ती सविता. आज तिच्या जागी आपण उभ्या होतो.

त्यांनी फोन उचलून बसम्मांचा नंबर लावला.

"बसम्माताई, मी परभणीची सुलाबाई. लिफ्ट रोज नसती. गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरती लावतेत. बहात्तर पायऱ्या हायत. मी खोटं बोलले."

पलीकडे दम लागलेला श्वास ऐकू आला. मग बसम्मांनी विचारलं, "मग तुमी कसं राहायलाव तिथं?"

"भीत भीत," सुलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. साडेअकरा वाजले. सुलाबाई लिफ्टच्या बंद दाराजवळ उभ्या राहिल्या, भिंतीला कान लावून. भिंत गप्प होती. तिसरं बिऱ्हाड आपण आपल्या तोंडाने परत पाठवलं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल पश्चात्ताप नव्हता, भीती मात्र कालच्यापेक्षा दुप्पट होती.

बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. जड पावलं, आणि मधूनमधून काहीतरी भिंतीला घासल्याचा आवाज. भुजंग भांडायला आला असेल, नाहीतर दुसरं कोणी. सुलाबाईंनी घरात येऊन दार अर्धं लोटलं आणि कडीवर हात ठेवला.

वळणावर सविता दिसली. घामाघूम, डोक्यावर उलटी धरलेली, हात असलेली लाकडी खुर्ची.

"भुजंगभाऊ फोनवर वरडत होता खाली," ती धापा टाकत म्हणाली. "सोनपेठचे येणार न्हाईत म्हणे. कुणीतरी सांगितलं म्हणे त्यान्ला."

"मी सांगितलं."

सविताने खुर्ची खाली ठेवली. ओढणीने तोंड पुसायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. "तुमी घर बघायला आलात तवा मला दुसरा महिना चालू होता, काकू. डॉक्टरनी जिना चढू नको म्हनलं होतं. तुमी आलात तर लिफ्ट चालंल असं वाटलं मला." ती थांबली. "न्हाई राहिलं ते."

सुलाबाईंनी कडीवरचा हात काढला.

"त्या दिवशी तुमी हाक मारली असंल. कूलरच्या आवाजात आलीच न्हाई मला ऐकू," सविता म्हणाली. "ही खुर्ची इथंच ठेवते, वळणावर. काकांना उतरताना बसायला होईल. आणि परत तसं झालं तर हिच्यातच बसवू. एका बाजूनं तुमी, एका बाजूनं मी. पाय जमिनीला न लावता न्यायचं. माझा नंबर घ्या आधी."

सुलाबाईंनी फोन पुढे केला. सविताने स्वतःच नंबर त्यात घातला, आणि एकदा वाजवून बघितला. रिकाम्या जिन्यात तो मोठ्याने वाजला.

"कोण आलंय गं?" आतून दत्तरावांनी विचारलं.

"शेजारीण," सुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार पुरतं उघडलं.