कापलेल्या फितीतला बर्फ

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, छोट्या पिवळ्या दिव्याखाली उभी केलेली ही काळी ठोकळी म्हणजे मी. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात डायनासोरांचा एक कार्टून पिक्चर आहे. आम्हा वस्तूंनी आपली कहाणी सांगायची आणि शेवटी, हात नसले तरी हात जोडून, आमची निगा राखा म्हणायचं, अशी रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. माझी निगा इतकी राखतात की मला लाज वाटते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. हातमोजे घातलेल्या बायका तिथे काळी चकचकीत फीत चाकांवर गुंडाळायच्या, झाकण लावायच्या, स्क्रू पिळायच्या. आम्हा सगळ्या बहिणींच्या पोटात एकच पिक्चर भरला गेला. तो असा. तळं आटतं म्हणून डायनासोरांचा कळप नव्या पाण्याच्या शोधात निघतो. कळपात एक म्हातारी असते. जमीन कच्ची लागली की ती पुढे होते, पाय दाबून बघते, मग बाकीचे तिच्या पावलावर पाऊल टाकून जातात. शेपटीला गाठ पडलेलं एक पिल्लू सतत तिच्या पायांत घुटमळतं. शेवटी मोठी दलदल येते. म्हातारी सगळ्यांना वाट काढून देते आणि स्वतः रुतते. म्होरक्या म्हणतो, थांबलो तर सगळेच बुडू. कळप तिच्या शेजारून निघून जातो. पिल्लू अडून बसतं, तेव्हा म्हातारी त्याला एक वाक्य सांगते. मग पिल्लूही जातं. सकाळी हिरवंगार तळं, सगळे पाण्यात, गाणं, समाप्त.

हा पिक्चर लहान मुलांसाठी होता. बनवणारे निर्दय असतील, पण खोटारडे नव्हते.

मी ज्या घरात आले त्या घरातला बाप नुकताच गेला होता. आई लोकांचे कपडे शिवायची. मुलगा पाच वर्षांचा, अंगाने इतका किरकोळ की सगळे त्याला टिल्ल्या म्हणत. त्याचा मामा एका हातात जुना व्हीसीआर आणि दुसऱ्या हातात मला घेऊन आला. पोरगं रडायला लागलं की हे लावत जा, विसरेल, असं बहिणीला सांगून तो गेला. पुन्हा काही फिरकला नाही. दुःखाची सोय लावून दिली की पाहुणे मोकळे होतात.

टिल्ल्याने मला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी त्याला ताप भरला. म्हातारी रुतली तेव्हा त्याने उशी पोटाशी घट्ट धरली. मग तापात आईचा पदर ओढून त्याने विचारलं, "बाबांना पण असंच ठेवून आलात का तुम्ही सगळे?"

आईने त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. नंतर तिने काय केलं ते मात्र मी अंगावर सोसलं आहे.

टिल्ल्या बरा होऊन शाळेत गेल्यावर तिने दुपारी दार लावून घेतलं आणि मला व्हीसीआरमध्ये घातलं. म्हातारीचा पाय रुतला तिथे मला बाहेर काढलं, माझी पुढची झडप उचलली आणि फितीवर शिवणकामाच्या खडूने खूण केली. परत आत घातलं. सकाळ झाली, तळं दिसलं, तिथे दुसरी खूण. मग दोन खुणांमधली सगळी फीत तिने टेबलावर ओढून काढली आणि झग्याचा जास्तीचा घेर कापावा तशी कापली. खूण करायची, कापायचं, जोडायचं, बाईला दुसरी विद्या येत नव्हती. दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. कापलेला भाग तिने टाकला नाही, कारण तुकडा टाकायची तिला सवयच नव्हती. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळून तिने तो बटणांच्या डब्यात ठेवला. म्हातारीचा मृत्यू त्या घरात बटणांशेजारी राहायला गेला.

संध्याकाळी टिल्ल्याने मला घाबरत घाबरत लावलं. जोड व्हीसीआरच्या तोंडाशी आला तशा पडद्यावर मुंग्या आल्या, पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता भुरभुराट, आणि त्यामागून एकदम सकाळ.

"आई, बर्फ पडला," टिल्ल्या म्हणाला.

आईचे हात शिलाई मशीनवर थांबले. "हो, पडला ना. चिखल गोठला. म्हातारी चालत आली पलीकडे."

"कुठाय?"

"ती बघ, झाडामागे."

झाडामागे कुणाची तरी पाठ होती. टिल्ल्याला तेवढी पुरली. तेव्हापासून त्याने मला किती वेळा पाहिलं ते विचारू नका. जेवताना, दूध पिताना, अभ्यास टाळताना मी सुरू. दर वेळी दलदल आली की तो उशी पोटाशी धरायचा आणि बर्फ पडला की टाळ्या वाजवायचा. बापाचं त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही. आईला वाटलं, आपण जिंकलो. मलाही वाटलं होतं. पोराला हसताना बघून कुणाला तसं वाटणार नाही?

मुलगा वाढत गेला आणि ही बाई पाय दाबून जमीन बघत त्याच्यापुढे चालत राहिली. शाळेत मार खाल्ला तर मास्तरांना ती भेटायची. नोकरीसाठी साहेबाच्या दारात ती उभी राहायची. चिखल तिच्या पायांना आणि तळं टिल्ल्याला. तो सहा फूट उंच झाला, पोट सुटलं, लग्न झालं, मुलगी झाली. आई मात्र टिल्ल्याच म्हणायची, आणि पाहुण्यांसमोर तसं म्हटलं की त्याला राग यायचा.

व्हीसीआर बिघडला आणि मी बरीच वर्षं एका खोक्यात पडून होते. मग मोठ्या माणसांना बालपण आठवायची साथ आली. आमच्या वेळचे पिक्चर, आमच्या वेळची खेळणी, आमच्या वेळचं ते काय होतं. टिल्ल्याने मला शोधून काढलं, पुसलं आणि हे काचेचं कपाट करून घेतलं. आला-गेला माझ्यासमोर उभा केला जायचा. हा पिक्चर आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं, असं तो सांगायचा आणि खरंच पाणी काढून दाखवायचा. आतल्या खोलीतून आई पाणी मागत असायची, ते वेगळं.

फोनवर जुन्या पिक्चरवेड्यांचा एक गट होता. तिथे त्याने लिहिलं, तो बर्फाचा सीन कुणाला आठवतो का? सगळ्यांनी कळवलं, त्यात बर्फ नाहीच. त्याने एकेकाची अक्कल काढली. आमच्या घरी कॅसेट होती, आम्हाला शिकवता? भांडण इतकं वाढलं की त्याने तो गटच सोडला. तो पिक्चर इंटरनेटवर होता, पण एकदा लावून बघावं असं त्याला वाटलं नाही. आठवणीवर ज्याचं पोट भरतं तो खरं-खोटं करायला जात नाही.

मग आईचे गुडघे गेले. दोनदा गॅस चालू राहिला. सुनेने तोंडावर सांगितलं की माझ्याने नोकरी आणि हे दोन्ही होणार नाही. ती निदान खरं बोलली. टिल्ल्या बोलला ते असं की आईलाच तिकडे बरं वाटेल, तिच्या वयाची माणसं असतील, आणि मुलीला अभ्यासाला खोली होईल. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तसं एक घर त्याने बघून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी आई स्टुलावर बसून चपला घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"टिल्ल्या, ती कॅसेट देतोस का बरोबर?"

"तिकडे कशावर लावणार, आई? हरवेल उगाच. ती जपून ठेवायची वस्तू आहे."

हे वाक्य त्याने अगदी प्रेमाने म्हटलं. माझ्यावरच्या.

ती उठली. तो तिची पिशवी घेऊन पुढे चालत होता आणि ती येते की नाही ते वळून वळून बघत होता. दाराशी ती म्हणाली, "मागे बघत चालू नकोस, बाळा. पाय घसरेल."

"फरशी कोरडी आहे, आई," तो म्हणाला.

मित्रांनो, तेच ते वाक्य. दलदलीतल्या म्हातारीचं. मला पाठ होतं, आईला पाठ होतं. टिल्ल्याला ओळखता आलं नाही, कारण ते बटणांच्या डब्यात होतं.

आईची खोली रिकामी झाली. मुलीचा अभ्यास अजून बैठकीतच चालतो. खोलीत टिल्ल्याने जुनी खेळणी, जुनी पोस्टरं आणि प्लॅस्टिकचे डायनासोर मांडले आहेत. शिलाई मशीन भंगारात गेलं, बटणांचा डबा नातीला खेळायला मिळाला.

परवा सुट्टी होती. मुलीला आपलं बालपण दाखवायचं म्हणून टिल्ल्याने इंटरनेटवरून तो पिक्चर मोठ्या पडद्यावर लावला. मुलगी त्याला टेकून बसली, मांडीवर बाहुली. दलदल आली. त्याने सवयीने उशी पोटाशी ओढली आणि तिला सांगितलं, आता बघ हं, बर्फ पडणार.

बर्फ पडला नाही. म्हातारी गुडघ्यांपर्यंत गेली, मग पोटापर्यंत. कळप तिच्या शेजारून चालू लागला. पिल्लू अडलं आणि म्हातारी म्हणाली, मागे बघत चालू नकोस, बाळा, पाय घसरेल.

टिल्ल्याचा चेहरा मी समोरून पाहत होते. मुलगी रडायला लागली होती आणि बाहुलीला कवटाळत होती. बाहुलीच्या केसांना काळ्या चकचकीत फितीचं फूल बांधलेलं होतं. ते बघून त्याने ही फीत कुठून आणली म्हणून विचारलं. आजीच्या डब्यातल्या रिळावरून, मुलीने सांगितलं. त्याने फितीचं टोक बोटात धरलं. त्यावर खडूची पांढरी खूण अजून होती. त्याने फितीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. इतका मठ्ठ तो कधीच नव्हता.

गाडीची किल्ली समोरच्या खिळ्याला होती. मला वाटलं, आता उठेल.

त्याने रिमोट उचलला आणि पिक्चर पुढे पळवला. सकाळ झाली, तळं आलं.

"रडू नकोस. मध्ये बर्फ पडला, चिखल गोठला. ती बघ म्हातारी, झाडामागे."

मुलीने डोळे पुसले, झाडामागची पाठ नीट बघून घेतली आणि विचारलं, "मग बर्फ पडला की आपली आजी पण येईल?"

"हो," टिल्ल्या म्हणाला, आणि गाण्याचा आवाज मोठा केला.

मित्रांनो, माझी निगा राखू नका. माझ्यावरची काच फोडा, फीत उपसून काढा, बाहुल्यांच्या केसांना बांधून टाका. एवढंच करा की पोरांच्या पिक्चरमधली म्हातारी कापू नका. तिला रुतताना त्यांना बघू द्या. त्यांना रडू द्या, नको ते विचारू द्या, ताप भरला तर भरू द्या. ताप उतरतो.