माझे पाय मला कळतात

मी एक मोजा बोलतोय. डाव्या पायाचा. नाक दाबलंत तरी चालेल, पण ऐका.

कारखान्यात माझ्या अंगठ्यापाशी शिवण जाड बसली. तपासणाऱ्या बाईंनी आतून बोट फिरवलं आणि मला नापासांच्या ढिगात फेकलं. तिथून जोडीदारासकट मी फुटपाथवरच्या टोपलीत आलो. एका म्हाताऱ्याने मला उचललं तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, हे टोचतील. मऊ बघू ना."

"मोज्यात काय बघायचंय?"

म्हातारा निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःची एकही कधी सापडली नाही.

साखरेच्या आजाराने त्याच्या तळपायांची जाणीव गेली होती. डॉक्टरांनी मला काढून खुर्चीखाली ठेवलं होतं, तिथून मी स्वतः ऐकलं: "रोज पाय आरशात तपासा. जखम नसेल तरच चाला." म्हाताऱ्याने घरी जाऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, चाला." बस. वर्गात कुणी असं अर्धं उत्तर दिलं असतं, तर याने बाकावर उभं केलं असतं.

आणि निघाला समुद्रकाठच्या यात्रेला. सात दिवस पायी, शेवटच्या खडकावर देऊळ. बायकोच्या आजारपणात बोललेला नवस होता. ती गेली, नवस राहिला. मुलगी सोबत आली, कारण एकट्याला सोडवेना.

वाटेवरची माणसं मात्र सोन्यासारखी. पायी आलेला दिसला की हाक मारायची, "या, टेका जरा." कुठे नुकता तळलेला मासा, कुठे मऊ भात, कुठे मधात घोळवलेली फळं. "एकच घ्या हो काका!" म्हातारा मुलीकडे न बघता तीन घ्यायचा. वर कुणी म्हणालं, "या वयात एवढं चालता?" की छाती फुगायची. बूट उंबऱ्याबाहेर निघायचे. मी निघायचो नाही. झोपतानासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी ओल्या वाळूतून जाताना शिंपल्याची एक कपची बुटात शिरली. तांदळाच्या दाण्याएवढी. दुसरा कुणी असता तर दहाव्या पावलाला "आई गं" म्हणत खाली बसला असता. हा चालत राहिला. कपचीने आधी मला भोक पाडलं, मग त्याला. मध्ये मी होतो, आणि मला काही अडवता आलं नाही. संध्याकाळपर्यंत मी ओला झालो. घामाने नव्हे.

पाचव्या दिवशी मुलगी थबकली. "बाबा, तुम्ही लंगडताय."

"वाळू आहे. पाय रुततो."

"दाखवा बघू."

"माझे पाय मला कळतात!"

तिने पिशवी खांद्यावर घेतली आणि चालू लागली. मला तिचाही राग आला. तीस वर्षांची बाई, बापाचा आवाज चढला की अजून पहिल्या बाकावरची पोर होते. मी वाळून कडक होत होतो, पुन्हा भिजत होतो. आतलं मांस गरम लागत होतं, आणि वर म्हातारा नव्या घरी नवा घास तोंडात टाकून "वा!" म्हणत होता. किंचाळावं म्हटलं तर मोज्याला तोंड एकच, आणि त्यात पाय.

सहाव्या दुपारी एका बेकरीवालीने बोलावलं. ताजा पाव, लाल मुरंबा. समोर टोपली आपटून ती म्हणाली, "मळके कपडे टाका यात. उन्हात तासाभरात वाळतात. मोजेपण."

"मोजे राहू देत."

"राहू देत कसे? माझ्या ओट्यावर वास नको. काढा."

मुलीला तीस वर्षांत जमलं नाही ते तिने दोन वाक्यांत केलं. म्हाताऱ्याने मला ओढलं. मी सुटेना. सुटलो तेव्हा बेकरीवालीने मला उजेडात धरलं.

"हे काय?"

"मुरंबा सांडला असेल," म्हातारा म्हणाला.

"पायाखालून?"

मुलगी वाकली. बापाचा पाय तिने मांडीवर घेतला. अंगठ्याखाली रुपयाएवढं काळं भोक होतं. बेकरीवालीने म्हाताऱ्याला डोळे मिटायला लावले. "आता कळतंय?"

"हो."

"आता?"

"हो, कळतंय की! स्पष्ट."

"काका," ती हळू म्हणाली, "मी अजून हातच लावलेला नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. मी त्याला पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. देऊळ एका दिवसावर होतं. "उद्याचा एक दिवस…" त्याने सुरुवात केली.

"नाही, बाबा," मुलगी म्हणाली. पहिल्या बाकावरून नव्हे.

पावाच्या गाडीतून दोघं इस्पितळात गेली. मी इथेच राहिलो, धुतलेला, दोरीवर. डाग पुरता गेला नाही. सकाळी मुलीचा फोन आला होता. बेकरीवाली नुसतं "हं… हं…" करत होती. एवढंच समजलं की अंगठा ठेवायचा की काढायचा, ते डॉक्टर उद्या ठरवणार. विष वर चढलं असेल तर अंगठ्यावर भागणार नाही. वारा आला की मी दोरीवर नुसता फडफडतो.

तुमच्या घरीही असेल असा कुणी, ज्याला आपले पाय कळतात. त्याला विचारत बसू नका. तो "हो" म्हणेल. खाली बसा, पाय मांडीवर घ्या आणि मोजा काढा.