सावळारामाची पाळी

नरसिंहपूरच्या देवळात सकाळची सनई गेणबाची. धाकटा भाऊ सावळाराम शेजारी बसून नुसता सूर धरायचा. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, एकच सूर, वीस वर्षं. ते त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं.

लग्नसराईत तो इंदापूरच्या एका बँडमध्ये मागच्या रांगेत क्लॅरिनेट वाजवायचा. ते कळल्यावर साखर कारखान्यातल्या गोऱ्या इंजिनिअरच्या बायकोनं त्याला बोलावून घेतलं. ती पियानो वाजवायची, दोघे कारकून व्हायोलिन, आणि केमिस्टसाहेब गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन. क्लॅरिनेटवाचून सगळं अडलं होतं. सावळाराम हरखून गेला. जन्मात एकदा तरी चाल आपण वाजवायची, एवढीच त्याची भूक होती.

बाईनं गाऊन गाऊन चाल बसवून घेतली. पण त्यानं चार ओळी वाजवल्या की तीच चाल व्हायोलिन उचलायचं, मग पियानो. आपलं चुकलं म्हणून काढून घेतली म्हणावं, तर थोड्या वेळानं ती परत त्याच्याकडेच यायची. मधल्या वेळात त्यानं सवयीनं सूर धरला की बाई हात वर करून गप्प बसवायची. ह्यांच्यात म्होरक्या कोण, असं त्यानं विचारलं. कुणीच नाही, असं ती म्हणाली. हे तर आक्रीतच होतं.

रविवारी संध्याकाळी कारखान्याच्या क्लबात कार्यक्रम झाला. कामगारांत गेणबाही येऊन बसला. पहिली चाल सावळारामानं झकास वाजवली. पुढं व्हायोलिननं ती घेतली, आणि समोर दादाला बघून ह्यानं नकळत सूर धरला. बाईचे दोन्ही हात पियानोवर गुंतलेले. त्याची पाळी आली, तरी हा सुरावरच. तिनं तोच तुकडा पुन्हा वाजवला. मग पुन्हा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ही माणसं कुणासाठी खोळंबलीत, तेच त्याला कळेना. सूर सोडावा तर मागं धरणार कोण?

गेणबा उठून उभा राहिला.

"सावळ्या, तुजी पाळी हाय. वाजीव. सूर मी धरतो."

आणि ज्यानं उभ्या जन्मात कुणासाठी सूर धरला नव्हता, तो तोंड मिटून गुंजायला लागला.

सावळारामानं चाल उचलली. हेच तर त्याला हवं होतं. पण दादा आपल्यामागं सूर धरून उभा आहे, ह्यानं त्याचा असा काही गोंधळ उडाला, की आनंदानं रडू येतंय का लाजेनं, हे त्याला वाजवतानाही कळलं नाही आणि पुढंही कधी सांगता आलं नाही.